कोसळणाऱ्या कर्नेलसाठी राखून ठेवलेली जागा

(नाशिकमधील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ईडीपी, म्हणजे संगणक विभाग, सांभाळणारी मंडळी दिसताहेत, कॉलेजची मुलं आहेत, आणि मागच्या रांगेत नातवाला घेऊन आलेले एक आजोबाही आहेत. आजोबा, विषय यंत्राच्या पोटातला आहे, पण तुम्हाला समजेल असंच बोलेन.

आधी एक प्रश्न. रात्री सर्व्हर हँग झाला, तुम्ही बटण दाबून रिस्टार्ट केला, तो चालू झाला आणि तुम्ही घरी जाऊन झोपलात. असं किती जणांनी केलंय? हात वर करा. जवळजवळ सगळेच. आता तो का हँग झाला होता हे ज्यांना नंतर कळलं, त्यांनीच हात वर ठेवा. तीन... नाही, दोन. ठीक आहे. जे हात खाली गेले त्यांच्याशी मला आज बोलायचंय.

लिनक्सचा कर्नेल, म्हणजे मेमरी, प्रोसेसर आणि कार्डं सांभाळणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळला तर त्या क्षणी रॅममध्ये काय होतं याची प्रत डिस्कवर लिहून ठेवता येते. तिला आपण क्रॅश डंप म्हणतो. ती लिहिता यावी म्हणून यंत्र सुरू होतानाच रॅमचा एक तुकडा बाजूला काढून ठेवावा लागतो. हा तुकडा किती मोठा ठेवायचा, कुठे ठेवायचा आणि तो पुरतो की नाही हे कसं तपासायचं, हे सांगायचं मी संयोजकांना कबूल केलंय. पण आधी माझी एक तक्रार आहे, ती मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आपल्याच औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. नाव सांगणार नाही. प्रेसशॉप आहे, गाड्यांचे भाग बनतात. सर्व्हर दणदणीत, 128 जीबी रॅमचा. त्यावर डेटाबेस, आणि डिस्पॅचची लेबलं त्याच डेटाबेसवरून छापली जायची. हा सर्व्हर मधूनच रात्रपाळीत थांबायचा. लेबल नाही म्हणून माल बाहेर पडत नाही, गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर वैतागलेले, आणि मग कोणीतरी जाऊन बटण दाबायचं. पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं त्यांचा अहवाल दर वेळी एकाच ओळीचा: रिस्टार्ट केला, सर्व्हर व्यवस्थित.

मला बोलावलं तेव्हा मी पहिल्यांदा लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही, उघडला. लॉगमध्ये काय असणार? रात्रीची एक साधी ओळ, कोणीतरी लॉगिन केल्याची, आणि तिच्याखाली थेट पुढच्या बूटची, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्याची, पहिली ओळ. मधे काहीच नाही. मुलांनो, हे नीट लक्षात घ्या. लॉग डिस्कवर नेऊन ठेवणारा प्रोग्रॅम हा तुमच्या-आमच्या इतर प्रोग्रॅमसारखाच एक प्रोग्रॅम आहे. कर्नेलच पडला तर तो प्रोग्रॅम पुन्हा चालत नाही. शेवटचे, सगळ्यात मोलाचे शब्द रॅममध्येच राहतात आणि बटण दाबलं की पुसले जातात.

तिथल्या रात्रपाळीच्या सुपरवायझरदादांनी मात्र एक काम फार चांगलं केलं होतं. बटण दाबण्याआधी त्यांनी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. ‘मॅडम, काय लिहिलंय ते मला कळलं नाही, पण उपयोगी पडेल असं वाटलं.’ फोटोत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि त्याखाली अगदी शेवटची ओळ स्पष्ट: कर्नेल पॅनिक, नॉट सिंकिंग. म्हणजे हा हँग नव्हताच, पॅनिक होता. सावरता न येणारी चूक दिसली म्हणून कर्नेलने स्वतःच हात टेकले होते. पॅनिकनंतर किती सेकंदांनी आपोआप रिस्टार्ट व्हायचं ते कोणी सांगितलेलं नसलं, की यंत्र तसंच गोठून उभं राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं हँग झालं. त्या ओळीच्या वर कॉल ट्रेसचं, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं या यादीचं, शेपूट होतं. कुठलं फंक्शन चालू असताना घात झाला हे सांगणारा ट्रेसचा वरचा भाग स्क्रीनवरून वर सरकून गेला होता. जे हवं होतं ते त्या फोटोच्या कडेच्या चार ओळी वर होतं!

मग मी यंत्र कुठल्या सूचना देऊन बूट केलंय ते पाहिलं. प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन नावाची फाइल वाचली की ते दिसतं. रॅमचा तो तुकडा राखायला सांगणारा ‘क्रॅशकर्नेल’ हा शब्दच तिथे नव्हता. सर्व्हर बसवताना तो होता, बूटच्या जुन्या सेटिंगमध्ये सापडला. कंत्राटदाराच्या माणसांनी ‘ट्यूनिंग’ करताना तो काढून टाकला होता. कारण काय? तर 512 एमबी रॅम ‘वाया’ जात होती.

128 जीबीमधले 512 एमबी म्हणजे किती? कॉलेजवाल्यांनो, तोंडी हिशेब करा. बरोबर, 0.39 टक्के. शंभर रुपयांतले एकोणचाळीस पैसे. तेवढे वाचवण्यासाठी ट्रक गेटवर उभे राहिले, रात्रपाळीची माणसं ताटकळली, आणि कारण महिनोन्महिने कोणाला कळलं नाही. मला याचा राग येतो, आजही येतो. ती रॅम रिकामी दिसते म्हणून ती निरुपयोगी, असं ठरवणाऱ्या माणसाने ती तिथे का ठेवलीय हे विचारायचे कष्ट घेतले नाहीत.

नाशिककरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तपोवनात साधुग्रामासाठी जागा राखीव ठेवतात. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, 2015 नंतर आता 2027. मधल्या वर्षांत ती जागा बघून किती जणांच्या मनात काय काय येतं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. पण पर्वणीच्या दिवशी आखाडे येऊन उभे राहिल्यावर जागा शोधायला निघता येत नाही. आणि इकडे दोन गुंठे, तिकडे चार गुंठे अशी तुकड्यांत मिळून भागतही नाही, सलग लागते. कर्नेलचंही नेमकं तसंच आहे.

(टाळ्या.) टाळ्या नकोत, संयोजक घड्याळ बघताहेत.

सलग का लागते? तर पडलेल्या कर्नेलच्या जागी एक दुसरा, छोटा कर्नेल उभा करायचा असतो. पूर्वी काय करायचे, की मरणाऱ्या कर्नेललाच सांगायचे, जाता जाता तुझी मेमरी डिस्कवर लिहून ठेव. डिस्कडंप, नेटडंप, एलकेसीडी अशा बऱ्याच खटपटी झाल्या. पण ज्याचं स्वतःचंच चित्त थाऱ्यावर नाही त्याच्या हातात डिस्क द्यायची? डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा कर्नेलमधला कोडच बिघडला असेल तर डंप तर लिहिला जात नाहीच, वर चांगला डेटा खराब व्हायची भीती.

मग केएक्झेक आला. चालू कर्नेलमधून बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, वळसा घालून थेट दुसऱ्या कर्नेलमध्ये उडी मारायची ही युक्ती. बायोसमधून गेलं तर रॅम पुसली जाण्याचा धोका, इथे ती जशीच्या तशी राहते. त्यावर केडंप, म्हणजे दुसऱ्या कर्नेलकडून डंप लिहून घ्यायची व्यवस्था, उभा राहिला आणि 2005 मध्ये लिनक्सच्या 2.6.13 आवृत्तीत दोन्ही एकदमच दाखल झाले. त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स परिषदेत केडंपवरचा निबंध सादर झाला. त्याच्या तीन लेखकांपैकी एरिक बीडरमन हे केएक्झेकचे कर्ते, आणि विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लितीर्थ हे आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स केंद्रातले. आज जगभरच्या डेटासेंटरमध्ये यंत्र पडलं की जे चालतं, त्याच्या पायाभरणीत आपल्याकडचे इंजिनिअर होते. हे मुलांनी ऐकावं म्हणून मुद्दाम सांगितलं, कर्नेलचं काम परदेशातच होतं असं समजू नका.

आता राखीव जागेचं खरं कारण, आणि हे पुष्कळ अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. कर्नेल पडला तरी यंत्रातली कार्डं पडलेली नसतात. नेटवर्क कार्डाला जुन्या कर्नेलने सांगून ठेवलेलं असतं, की आलेली पॅकेट रॅमच्या अमुक पत्त्यावर टाक. ते बिचारं टाकतच राहतं. प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहायचं, यालाच डीएमए म्हणतात. आता नवा कर्नेल अशाच एखाद्या पत्त्यावर जाऊन बसला तर? त्याच्या डोक्यावर पॅकेट पडणार आणि तोही जाणार. म्हणून बूट होतानाच एक तुकडा असा काढून ठेवायचा, की जुन्या कर्नेलने तो कधी कोणाला दिलेलाच नाही. न दिलेल्या जागेचा पत्ता कुठल्याही कार्डाकडे नसतो.

त्या जागेत दुसरा कर्नेल आधीच भरून ठेवतात. पॅनिक झालं की बाकीचे प्रोसेसर थांबवले जातात आणि उडी मारली जाते. मधे पर्गेटरी नावाचा अगदी छोटा कोड असतो. भरून ठेवलेल्या कर्नेलला मधल्या काळात कोणी हात लावलाय का, हे तो एसएचए-256 नावाची, बोटांच्या ठशासारखी ओळख पटवणारी बेरीज ताडून बघतो. बेरीज जुळली तरच पुढे. दुसरा कर्नेल मग पहिल्याची सगळी मेमरी व्हीएमकोर नावाच्या एका फाइलसारखी समोर मांडतो, आणि मेकडंपफाइल नावाचा प्रोग्रॅम ती डिस्कवर उतरवतो. 128 जीबी सगळी उतरवत नाहीत. शून्यांनी भरलेली मेमरीची पानं, फाइलींचा दोन प्रकारचा कॅश, युजर प्रोग्रॅमचा डेटा, मोकळी पानं, हे सगळं गाळलं जातं. त्यासाठी 31 हा आकडा देतात. 1, 2, 4, 8 आणि 16 यांची ती बेरीज आहे, एकेका आकड्याने एकेक प्रकार गळतो.

त्या कारखान्यात पुढे काय झालं ते विचारताय ना? सांगते. राखीव जागा परत घातली, रविवारी यंत्र रिस्टार्ट केलं आणि वाट बघितली. पुढच्या वेळी सर्व्हर पडला तेव्हा कोणी बटण दाबायच्या आत डंप लिहून तो आपला आपण उठला होता. क्रॅश नावाच्या टूलमध्ये तो डंप उघडला आणि ट्रेस दाखवणारी बीटी ही कमांड टाइप केली. फोटोच्या वर सरकून गेलेल्या ओळी समोर. आणि त्यांत बॅकअप सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या, कर्नेलमध्ये बाहेरून घातलेल्या मॉड्यूलचं, म्हणजे जोड-कोडचं, नाव. बॅकअप रात्रपाळीतच चालायचा. त्या मॉड्यूलने स्वतःच सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरली होती. ते मॉड्यूल काढलं, बॅकअपची दुसरी व्यवस्था केली, आणि सर्व्हर पडायचा थांबला. सुपरवायझरदादांना मी त्या ओळी दाखवल्या. त्यांनी मोबाइल काढून त्याचाही फोटो घेतला.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? पाच. बरं, मग जे कबूल केलं होतं ते भराभर सांगते, लिहून घ्या.

किती ठेवायची. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या नवव्या आवृत्तीचा ठरलेला हिशेब असा: रॅम 1 ते 4 जीबी असेल तर 192 एमबी, 4 ते 64 जीबीला 256, आणि 64 च्या पुढे 512. आधीच्या आवृत्त्यांत क्रॅशकर्नेलपुढे ‘ऑटो’ लिहून चालायचं, नवव्यात ते काढलं. हे आकडे सुरुवातीचे समजा. दुसऱ्या कर्नेलला लागणारी मेमरी तुमच्या रॅमपेक्षाही तुमच्या कार्डांवर आणि डिस्कांवर अवलंबून असते. स्टोरेजचे पुष्कळ एलयूएन, म्हणजे सर्व्हरला डिस्क म्हणून दिसणारे भाग, मोठी नेटवर्क कार्डं, डंप नेटवर्कवरून पाठवायची सोय, या सगळ्याने ती वाढते. म्हणूनच दुसरा कर्नेल एकाच प्रोसेसरवर चालवतात आणि नको ते ड्रायव्हर त्यात घालत नाहीत. आणि डिस्क लक्स या लिनक्सच्या सोयीने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केली असेल तर विशेष सावध राहा. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत कुलूप उघडतानाच 1 जीबीपर्यंत मेमरी लागू शकते. 256 एमबीत ते कुलूप उघडणारच नाही. रेड हॅट आणि फेडोरावर केडंपसीटीएल एस्टिमेट ही कमांड अंदाज देते, तो बघा.

कमी पडली तर काय होतं? दुसऱ्या कर्नेलमध्येच मेमरी संपते, मेकडंपफाइल मारला जातो, डंप अर्धवट राहतो. चालू यंत्रात राखीव जागा कमी करता येते, वाढवता येत नाही. वाढवायची तर रिस्टार्ट. म्हणून पहिल्यांदाच थोडी सढळ ठेवा.

कुठे ठेवायची. मोठी जागा हवी असेल तर ‘हाय’ लिहून 4 जीबीच्या वर ठेवता येते. पण काही कार्डांना 4 जीबीच्या खालचेच पत्ते कळतात, त्यांच्यासाठी खाली थोडी ‘लो’ जागा राहिलीच पाहिजे. 2025 मधल्या 6.17 कर्नेलपासून ‘सीएमए’ची सोय आहे. त्यात थोडा भाग पक्का राखायचा आणि उरलेला एरवी प्रोग्रॅमना वापरू द्यायचा. लहान यंत्रांना फार उपयोगी. मात्र त्या भागात कुठल्या कार्डाचा डीएमए चालू राहिला तर धोका उरतोच. शिवाय तिथली प्रोग्रॅमची मेमरी डंपमध्ये मिळत नाही. महत्त्वाच्या सर्व्हरवर मी अजून पूर्ण राखीव जागाच ठेवते.

खराखुरा हँग असेल, पॅनिकच होत नसेल, तर डंपही होत नाही. हँग झालेल्या टास्कवर आणि ऊप्सवर, म्हणजे कर्नेलच्या आतल्या चुकीवर, पॅनिक करायच्या सेटिंग आहेत, त्या विचार करून लावा. सर्व्हरच्या मॅनेजमेंट कार्डावरून एनएमआय, म्हणजे प्रोसेसरला टाळता न येणारा इशारा, पाठवता येतो का तेही बघून ठेवा.

आणि डंपमध्ये पासवर्ड, ग्राहकांची माहिती काहीही असू शकतं. तो व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. डंप जिथे साठतो त्या व्हार-क्रॅश फोल्डरमध्ये जागा आहे ना, तेही बघा.

शेवटचं, चाचणी. केडंप सर्व्हिस हिरवी दिसते यावर विसंबू नका. रविवारी, डेटाबेस बंद करून, सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये ‘सी’ अक्षर लिहा. कर्नेल तिथल्या तिथे पडेल. यंत्र आपलं आपण उठलं, डंपची फाइल दिसली, क्रॅश टूलमध्ये ती उघडली आणि बीटीने ट्रेस दाखवला, तरच राखीव जागा पुरली असं म्हणा. कर्नेल अपडेट केला, नवं कार्ड बसवलं, की पुन्हा करा.

वेळ संपली. प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेते. ज्यांच्याकडे लक्सच्या डिस्क आहेत त्यांनी आधी या.