लॅम्डाचं वर्गमूळ कुठलं घ्यायचं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच तक्रार पुन्हा पुन्हा आलीय: ‘सर, लॅम्डाचं वर्गमूळ घेतलं की उत्तर जुळतं, फक्त चिन्ह उलटं येतं.’ चिन्हच उलटं, मग जुळलं काय, डोंबल?

मूळ गोष्ट पटकन. समीकरण: उणे वाय डबल डॅश बरोबर लॅम्डा वाय. वाय म्हणजे लाटेची उंची, डबल डॅश म्हणजे दोनदा डेरिव्हेटिव्ह, लॅम्डा म्हणजे शोधायचा आकडा. टोकाच्या अटी ‘नंतर लावू’ म्हणू नका, त्या ऑपरेटरचाच, म्हणजे वायवर होणाऱ्या या क्रियेचाच, भाग आहेत. खाडी घ्या. आतलं टोक बंद, तिथे उतार शून्य. मुखाशी उंची शून्य. आता मुखावर बांध घाला, म्हणजे तिथेही उतार शून्य. पाणी तेच, समीकरण तेच, पण शून्य सोडून सगळ्यात लहान लॅम्डा थेट ४ पट. झालं, पुढे.

आता मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहा. पायाशी एक्स शून्य, समोर समुद्र संपतच नाही. हरमान वाईल या गणितज्ञानं १९१० साली दाखवलेला रस्ता असा: लॅम्डा वास्तव रेषेवरून उचला, म्हणजे काल्पनिक भाग असलेला घ्या, आणि अनंताकडे विझत जाणारं उत्तर निवडा. त्याचा किनाऱ्यावरचा उतार भागिले उंची, म्हणजे एम फंक्शन. इथे एम बरोबर आय गुणिले रूट लॅम्डा; आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ.

रूट कुठलं? ज्याचा काल्पनिक भाग धन, तेच. दुसरं घेतलंत की लाट विझायच्या ऐवजी फुगत जाते.

हेच एमकडून बघा. लॅम्डा २ आय असेल तर रूट १ अधिक आय, एम उणे १ अधिक आय. लॅम्डा वरच्या अर्ध्या प्रतलात, म्हणजे काल्पनिक भाग धन, तर एमही तिथेच हवा. खाली घसरला, तर रूट चुकलंय.

आणि कॉम्प्युटर! लॅम्डा उणे २ आय दिला की तो १ उणे आय सांगतो. त्याचं चुकत नाही हो, त्याची चीर, म्हणजे जिथे रूटचं चिन्ह अचानक उलटतं ती रेषा, ऋण अक्षावर असते, आपल्याला ती धन अक्षावर हवी, कारण स्पेक्ट्रम, म्हणजे ज्यांना लाट विझत नाही असे लॅम्डा, तिथे आहे. आपलं रूट उणे १ अधिक आय.

एकानं विचारलंय, ऋण लॅम्डा येतोच कसा? किनाऱ्यावर ‘उतार बरोबर उणे २ गुणिले उंची’ अशी अट लावा. एम उणे २ कधी होतो? लॅम्डा उणे ४ असताना. चुकीचं रूट घेतलंत तर हीच आयगेनव्हॅल्यू, म्हणजे अटीत बसणारा लॅम्डा, अधिक २ च्या अटीला चिकटते, आणि तिथे तर ती नाहीच.

कोडमध्ये सरळ लिहा: एम बरोबर उणे रूट, कंसात उणे लॅम्डा. आतलं उणे विसरू नका.