माइल्सवर काढलेल्या बिझनेस क्लासच्या तिकिटात विमान कंपनीने बदल केला, तर काय करावे?

नमस्कार. माइल्स, म्हणजे विमान कंपनीच्या योजनेत प्रवासाबद्दल साठणारे गुण, किंवा क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स वापरून काढलेल्या बिझनेस क्लासच्या तिकिटात विमान कंपनीने परस्पर बदल केला, तर प्रवाशाने काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हा आजच्या व्हिडिओचा विषय आहे. आपल्या सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडात मर्चंट नेव्हीतली, आखातातली आणि अलीकडे जर्मनी-कॅनडातली मुले घरोघरी आहेत. त्यांच्या खात्यात माइल्स साठतात आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईवडिलांना एकदा तरी आडवे होऊन झोपता येईल अशा आसनावरून न्यावे, या हेतूने ते खर्ची पडतात. तिकीट जवळजवळ वर्षभर आधी निघते आणि मग एके दिवशी ‘आपल्या उड्डाणाच्या वेळेत बदल झाला आहे’ असा ईमेल येऊन थडकतो. त्या ईमेलच्या तळाशी बदल स्वीकारण्याचे एक बटण असते. ते बटण तूर्त दाबू नका.

कारण सरळ आहे. बदल कंपनीने केलेला असतो तोवर तो बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ‘अनैच्छिक’ समजला जातो, आणि तो पुरेसा मोठा असेल तर आपल्याला शुल्क न देता दुसरे उड्डाण मागता येते किंवा माइल्स व कर पूर्ण परत घेता येतात. एकदा आपण बदल मान्य केला की त्यानंतरची आपली प्रत्येक मागणी ही आपली हौस ठरते आणि तिला नेहमीचे शुल्क व नेहमीची उपलब्धता लागू होते. रागाच्या भरात ‘रद्द करा’ हे बटण दाबणाऱ्यांचेही तेच होते, कारण संगणकाच्या लेखी तिकीट कंपनीने नव्हे, आपण रद्द केलेले असते.

असे बदल इतके का होतात, हेही थोडक्यात पाहू. माइल्सवरची आरक्षणे साधारण अकरा महिने आधी खुली होतात, परंतु विमान कंपन्यांची वेळापत्रके हंगामानुसार ठरतात: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे आपण तिकीट काढतो तेव्हा त्या दिवशी कोणते विमान किती वाजता उडेल, हे कंपनीनेही पक्के केलेले नसते. त्यात मोठी उलथापालथ होते ती वेगळीच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यानंतर युरोप-अमेरिकेकडे जाणारी उड्डाणे लांबली, आणि एअर इंडियाने तर 1 सप्टेंबर 2025 पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबवली.

आता मुख्य मुद्दा. फोन उचलण्यापूर्वी आपले ई-तिकीट उघडा आणि तिकीट क्रमांक शोधा. हा पीएनआर नव्हे. हा तेरा आकडी क्रमांक असतो.

[पडद्यावर: ई-तिकिटाचा नमुना, पहिले तीन आकडे ठळक]

यातले पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीने दिले ते सांगतात. 098 असेल तर एअर इंडिया, 220 म्हणजे लुफ्तान्सा, 618 म्हणजे सिंगापूर एअरलाइन्स, 176 म्हणजे एमिरेट्स, 157 म्हणजे कतार एअरवेज. समजा, आपण एअर इंडियाचे पॉइंट्स वापरून लुफ्तान्साच्या विमानाचे तिकीट काढले आहे. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्यामुळे हे शक्य होते. विमान लुफ्तान्साचे आहे, परंतु तिकीट 098 ने सुरू होते आणि म्हणून ते बदलण्याचा अधिकार एअर इंडियाकडे आहे. लुफ्तान्साला फोन केला तर ‘ज्यांनी तिकीट दिले त्यांच्याकडे जा’ असे उत्तर मिळते. तिकीट देणाऱ्यांकडे गेलात तर ‘समोरच्या कंपनीकडे जागा दिसत नाही’ असे ऐकावे लागते. या टोलवाटोलवीतच बहुतेक लोक हात टेकतात आणि मिळेल ते स्वीकारतात.

दोन्ही उत्तरे आपापल्या परीने खरी असतात, म्हणून त्यांच्यामागची यंत्रणा समजून घेतलेली बरी. बिझनेस क्लासमध्ये रिकामी आसने असणे आणि ती माइल्सवर उपलब्ध असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्टार अलायन्समध्ये भागीदार कंपनीच्या माइल्सवर द्यायच्या बिझनेसच्या जागा ‘आय’ या अक्षराखाली ठेवलेल्या असतात आणि फर्स्ट क्लासच्या ‘ओ’ या अक्षराखाली. फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, म्हणजे एजंटच्या पडद्यावर ‘आय’ शून्य दिसले की त्याचे काम तिथे थांबते, मग पैसे भरणाऱ्यांसाठी भले दहा आसने रिकामी असोत. मात्र बदल उड्डाण चालवणाऱ्या कंपनीने केलेला असेल, तर ती कंपनी अपवाद म्हणून तशी जागा खुली करू शकते. तेव्हा आपली विनंती अशी असावी: ‘हा बदल कंपनीकडून झाला आहे. अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या उड्डाणात माझ्या श्रेणीतली जागा खुली करण्याची विनंती आपण उड्डाण चालवणाऱ्या कंपनीकडे पाठवावी.’ नुसते ‘दुसरे काही बघा ना’ म्हणून भागत नाही. आपण स्वतः शोधलेली दोन-तीन उड्डाणे क्रमांकासह कागदावर लिहून मगच बोलावे, आणि एका एजंटला ते जमले नाही तर थोड्या वेळाने दुसऱ्याशी बोलावे. हे सांगायला मला फारसे आवडत नाही, पण एकच नियम दोन एजंट दोन तऱ्हेने लावतात, हे वास्तव आहे.

कोकणातल्या प्रवाशाची एक अडचण या सगळ्या नियमांत कुठेच बसत नाही. समजा, कुडाळचे एक निवृत्त दांपत्य मुंबईहून पहाटे अडीचच्या विमानाने फ्रँकफर्टला निघाले आहे. मांडवी एक्सप्रेस रात्री मुंबईत पोहोचते, त्यामुळे त्यांचे गणित व्यवस्थित बसते. आता कंपनीने ते उड्डाण तीन तास अलीकडे आणून रात्री साडेअकरावर ठेवले. कंपनीच्या दृष्टीने हा किरकोळ बदल आहे, परंतु या दांपत्यासाठी तारीखच बदलली आणि मांडवी निरुपयोगी ठरली. आदल्या रात्री कोकणकन्या पकडून भल्या पहाटे मुंबईत उतरायचे आणि अख्खा दिवस नातेवाइकांकडे काढायचा, एवढाच मार्ग उरतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश चालतात, तेव्हा तर दोन तासांचा बदलही अंगावर येतो. म्हणून एजंटला गाडीचे कारण सांगण्यात वेळ घालवू नये, कारण वेगळ्या तिकिटावरच्या रेल्वेप्रवासाची जबाबदारी विमान कंपनीवर नसते. त्याऐवजी उड्डाणाची तारीख बदलली, पुढचे जोडविमान सुटते किंवा थांबा वाढला, यांपैकी जे लागू असेल ते आधी मांडावे.

हीच गोष्ट सिंधुदुर्गातल्या चिपी किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळाहून वेगळे तिकीट काढून मुंबई-दिल्ली गाठणाऱ्यांची. ते छोटे विमान त्याच तिकिटावर असेल तर पुढचे विमान चुकल्यास कंपनी पर्यायी व्यवस्था करते. वेगळ्या तिकिटावर असेल तर करत नाही. आणखी एक बाब नव्याने पाहावी लागेल. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाल्यापासून ‘मुंबई’ या एका नावाखाली दोन विमानतळ आले आहेत, तेव्हा बदललेल्या तिकिटावर बीओएम (जुना मुंबई विमानतळ) लिहिले आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे अवश्य वाचा. पनवेलला उतरणाऱ्याला दुसरा जवळचा आहे, पण अंधेरीत मुक्काम ठरवलेल्याला नाही.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधीच खुले होते, आणि आपल्या बाबतीत हे पथ्यावरच पडते: विमानाचे बहुतेक बदल त्याआधी येऊन गेलेले असतात, म्हणून गाडीचे तिकीट विमानाची वेळ पुन्हा तपासूनच काढावे. अपवाद गणपतीचा. परदेशातून चतुर्थीला घरी पोहोचायचे असेल, तर गाडीचे आरक्षण खुले होईपर्यंत विमानाचा बदल लोंबकळत ठेवू नये. तो आधी निस्तरावा, कारण त्या दिवसांतली गाडी पुन्हा मिळत नाही.

समजा, फोनवर सगळे ठरले आणि नवे उड्डाण मिळाले. काम अजून संपलेले नाही, आणि सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. आरक्षण आणि तिकीट या दोन नोंदी आहेत. आरक्षणात नवे उड्डाण दिसू लागते, परंतु तिकीट जुन्याच उड्डाणाशी बांधलेले राहते आणि ही विसंगती थेट चेक-इन काउंटरवर, मध्यरात्री उघडकीस येते. म्हणून तिकीट ‘रीइश्यू’ झाले का, म्हणजे नव्या उड्डाणासाठी नव्याने दिले गेले का, असे स्पष्ट विचारावे. बऱ्याचदा नवा तेरा आकडी क्रमांक मिळतो. जुनाच क्रमांक नव्या उड्डाणाशी जुळवला असेल, तर तसे ईमेलवर मागून घ्यावे. प्रत्येक उड्डाणासमोरचा संकेतही विचारावा: ‘एचके’ म्हणजे जागा निश्चित; ‘टीके’ म्हणजे वेळ बदलून निश्चित, पण मान्यता बाकी; ‘यूएन’ म्हणजे ते उड्डाण आता नाही. भागीदार कंपनीचा पीएनआर बहुधा वेगळा असतो. तो मागून घ्या आणि तिच्या संकेतस्थळावर आपले आसन दिसते का, ते स्वतः पाहा.

आता विमानच बदलले आणि बिझनेस क्लासऐवजी खालच्या वर्गात बसवले, तर काय? डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, फेब्रुवारी 2023 पासून लागू असलेला नियम असा आहे की, प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध वर्ग उतरवल्यास देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात 1500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 3500 पर्यंत 50 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के. मुंबई-दुबई मधल्या गटात येते, मुंबई-फ्रँकफर्ट शेवटच्या. युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम 30, 50 आणि 75 टक्क्यांचेच टप्पे वापरतो आणि फ्रिक्वेंट फ्लायर योजनेतून, म्हणजे माइल्सवर, काढलेली तिकिटे त्याच्या कक्षेत येतात, हे त्यात लिहूनच ठेवलेले आहे. तो युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या उड्डाणाला लागू होतो, पण युरोपात येणाऱ्या उड्डाणाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे मुंबईहून लुफ्तान्साने गेलात तर तो लागू, एअर इंडियाने गेलात तर नाही. फ्रँकफर्टहून परतताना दोघींनाही लागू. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी तिथल्या परिवहन विभागाच्या 2024 च्या नियमानुसार सहा तास किंवा अधिक बदल, जास्तीचा थांबा, वेगळा विमानतळ किंवा खालचा वर्ग, यांपैकी काहीही झाले आणि आपण प्रवास नाकारला, तर परतावा देणे बंधनकारक आहे.

परताव्याविषयी एक सावधगिरी. बँकेच्या कार्डावरून विमान कंपनीकडे वळवलेले पॉइंट्स बँकेकडे परतत नाहीत. ते माइल्स म्हणून विमान कंपनीच्याच खात्यात येतात. त्यांची मुदत दरम्यान संपली असेल, तर ती वाढवून देण्याची मागणी परतावा घेतानाच करावी, मागाहून नव्हे. दुसरे उड्डाण हाती येण्यापूर्वी परतावा घेण्याची घाई मी तरी करणार नाही, कारण तेच आसन आज माइल्सवर शोधायला गेलात तर दुप्पट माइल्स लागण्याची शक्यता असते.

काउंटरवर वर्ग उतरवला गेलाच, तर ‘माझ्या संमतीने’ अशा अर्थाच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. कारण लेखी मागा. जुने व नवे, दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा. माइल्समधला फरक तिकीट देणाऱ्या कंपनीकडे मागावा आणि नियमानुसारची भरपाई उड्डाण चालवणाऱ्या कंपनीकडे. हे दोन अर्ज स्वतंत्र ठेवावेत, नाहीतर पुन्हा टोलवाटोलवी सुरू होते. दाद मिळाली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवता येते. तिथे तिकीट क्रमांक, दोन्ही पीएनआर, भरलेले माइल्स व कर, आणि कंपनीचे लेखी उत्तर इतके जोडले की पुरते.