वटपौर्णिमेची फांदी

नमस्कार श्रोतेहो. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईच्या बाजूला एक चक्कर मारा. पूजेसाठी विकायला आणलेल्या वडाच्या फांद्या कचऱ्यात पडलेल्या दिसतील. त्यातली अंगठ्याएवढी जाड, सालीखाली हिरवी असलेली एखादी उचला. पानं काढा, खालचं टोक तिरकं कापा आणि कुंडीत खोचून सावलीत ठेवा. पावसाळी हवेत वडाची फांदी सहसा मुळं धरते. बोन्सायची, म्हणजे उथळ कुंडीत लहान राखलेल्या झाडाची, सुरुवात अशी फुकटात होते.

माझी मात्र पैसे मोजून झाली, आणि फसली. जपानी बोन्सायच्या फोटोंना भुलून मी जुनिपर, म्हणजे थंड हवेतलं एक सूचिपर्णी झाड, आणला, टीव्हीशेजारी ठेवला. महिनाभर हिरवागार! एक दिवस हात लावला, तर पानं कुरकुरीत. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, हे नंतर कळलं. म्हणजे मी मेलेल्या झाडाला पाणी घालत होतो, वर पाहुण्यांना कौतुकानं दाखवतही होतो.

तेव्हा पहिलं झाड आपल्या हवेला मानवणारंच घ्या. वड, उंबर, नाहीतर पाणी घालायचं विसरलं तरी न रुसणारं जाड पानांचं जेड. आणि ठेवा गच्चीवर किंवा उन्हाच्या गॅलरीत. हॉल ही त्याची जागा नव्हे.

झाडाला उपाशी ठेवून खुजं करतात, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. शेंडे आणि मुळं वेळोवेळी छाटतात, म्हणून ते लहान राहतं. बोन्सायमधला ‘बोन’ म्हणजे उथळ भांडं. त्यात माती थोडी, ती लवकर सुकते. त्यामुळे पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागतं. बोट खुपसून बघा, वरचा थर कोरडा वाटला की घाला. नुसती काळी माती नको, ती चिकटून बसते आणि मुळं कुजतात. विटांचा चुरा, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत घ्या. चुरा चाळून त्याची धूळ फेकून द्या. हे कंटाळवाणं काम टाळलंत तर पाणी तुंबलंच म्हणून समजा.

वळण द्यायला अ‍ॅल्युमिनियमची तार, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. ती 45 अंशांत गुंडाळायची आणि दर आठवड्याला बघायची. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते, तार सालीत रुतते. माझ्या उंबरावर तो पीळ अजून आहे, स्क्रूच्या आट्यांसारखा.

मंडईतून उचललेला माझा वड आता वीतभर उंच आहे. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी त्यालाच सूत गुंडाळलं. फेऱ्या मारायला जागा नव्हती, म्हणून कुंडीच सात वेळा फिरवली. संध्याकाळी त्यांना विचारून मी ते सूत हळूच सोडवलं. पावसाळ्यात सूतही रुततं.