आकाशासाठी सोडलेला तिसरा हिस्सा

श्रोतेहो, नमस्कार. जपानमध्ये ओसाका शहरातल्या सुमियोशी भागात 1976 साली एक छोटे घर बांधून झाले. भिंतीला भिंत लागून असलेल्या तीन जुन्या लाकडी घरांपैकी मधले पाडून तिथे काँक्रीटची जणू एक पेटी उभी राहिली. रुंदी जेमतेम साडेतीन मीटर, लांबी सुमारे चौदा मीटर, आणि रस्त्याकडच्या भिंतीला दार तेवढे आहे, खिडकी एकही नाही. वास्तुरचनाकार तादाओ आंदो हे पूर्वी मुष्टियोद्धे होते आणि वास्तुकला स्वतःच्या बळावर शिकले होते.

अशा पेटीत उजेड आणायचा कुठून? क्योतोच्या जुन्या, लांबोळक्या घरांत उजेड-वाऱ्यासाठी आत चिमुकली बाग सोडत असत. आंदो यांनी लांबीचे तीन भाग केले आणि मधला उघडा ठेवला. पुन्हा सांगतो, मुळातच अपुऱ्या असलेल्या जागेचा तिसरा हिस्सा त्यांनी आकाशासाठी सोडला. दोन्ही बाजूंच्या खोल्यांना या चौकाकडे काचा असल्यामुळे पुढच्या खोलीत बसलेल्या माणसाची नजर चौक ओलांडून मागच्या खोलीपर्यंत जाते, आणि करड्या भिंतीवर सरकणाऱ्या उन्हावरून घरातल्यांना दिवस किती वर आला ते कळते. आपल्याकडे बाल्कनी बंद करून खोलीला जोडतात, तेव्हा चार हात जागा मिळते आणि भरदिवसा दिवा लावावा लागतो. हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

मात्र या घराची मला सर्वांत प्रिय असलेली हकीकत पावसाची आहे. खाली पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर; वर दोन खोल्या, त्यांना जोडणारा पूल उघडा आणि जिनाही उघड्या चौकातच. म्हणजे मध्यरात्री पाऊस कोसळत असताना शौचाला जायचे, तर अंथरुणातून उठून छत्री उघडायची, ओल्या पायऱ्या जपून उतरायच्या, चौक ओलांडायचा आणि निथळती छत्री मिटून आत शिरायचे. परतताना पुन्हा तीच छत्री, त्याच पायऱ्या. हिवाळ्यातल्या थंडीवर आंदो यांचा उपाय एवढाच होता की अंगावर आणखी एक कपडा चढवावा. पुढे एका पुरस्काराच्या निमित्ताने ज्येष्ठ वास्तुरचनाकार तोगो मुरानो हे घर पाहायला आले. ऐंशी ओलांडलेल्या त्या जाणत्या माणसाने सारे पाहून घेतले आणि सांगितले की बक्षीस द्यायचेच तर ते इथे राहणाऱ्यांना द्यायला हवे.

1979 साली जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेचा पुरस्कार या घरासाठी आंदो यांना मिळाला. राहणाऱ्यांनी मात्र चौकावर छप्पर घातले नाही. ते कुटुंब पुढेही अनेक वर्षे तिथेच राहिले.