नाकाची वाट

(दृश्य: स्टीलच्या वाटीत कोमट सलाईन, त्यात बुडवलेली नळी)

ही साडेसहा नंबरची नळी, भूल दिल्यावर श्वास चालू ठेवणारी. नाकात जाण्याआधी तिला मऊ करतायत.

टेबलावर रावेरकडचा मजूर, केळीचे घड वाहणारा. "त्यासनं तोंडच उघडस नही," त्याच्या बायकोनं काल सांगितलं होतं. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत, याच्या एकच जातं. गुटख्याने गालाची आतली कातडी दोरासारखी ताठ झालीय. राज्यात गुटखाबंदी २०१२ची. ही पुडी आम्ही मागच्या आठवड्यात बसस्टँडबाहेर कॅमेऱ्यात टिपली.

तोंडातून नळी जाणार नाही, म्हणून नाक. पण नाकाच्या पडद्यावर, पुढेच, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. जळगावच्या मे महिन्यात पोरांचा घोळणा फुटतो, तो बहुतेक इथूनच. नळी घासली की तेच होतं. रक्त येणं ही या पद्धतीची सगळ्यात नेहमीची गुंतागुंत.

(दृश्य: थेंब टाकणारा हात)

म्हणून आधी रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब, मग बधिर करणारी जेली. मग थांबणं. भूलतज्ज्ञ घड्याळ बघतात, नळीला हात लावत नाहीत. आम्ही हे थांबणं कापलेलं नाही.

ट्रेमधला हा वाकडा चिमटा मॅगिलचा. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांना भूल देता देता ज्यांनी ही विद्या घडवली, त्यांच्यापैकी एक मॅगिल. चिमटा तोंडातून घालतात, त्यामुळे आज तो नुसता पडून आहे.

रुग्ण जागा आहे. आधी दुर्बीण, कपाळाकडे नाही, सरळ मागे, नाकाच्या तळावरून. स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या: स्वरतंतू. श्वास घेताना त्या उघडतात, दुर्बीण आत जाते, तिच्यावरून नळी. अडली की ढकलायची नाही. जरा मागे घ्यायची, फिरवायची. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची लाट उमटते, म्हणजे नळी श्वासनलिकेतच आहे. मगच झोपेचं औषध.

ढकललं तर नळी घशाच्या अस्तराखाली शिरते, किंवा नाकातला मांसाचा तुकडा सोलून स्वतःच तुंबते. कवटीचा तळ फुटलेला असेल, तर नाकाची वाट शक्यतो टाळतात. तसा रुग्ण आमच्या चित्रीकरणात आला नाही.

नाकपुडीशी एक लाल ठिपका. गॉजने टिपला.

(दृश्य: बाहेरचा बाक, न उघडलेला डबा. निवेदन नाही.)