संघाचे डॉक्टर परदेशात उतरतात तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. खेळाडू मैदानात कोसळला की संघाचा डॉक्टर बॅग घेऊन धावतो. पण स्पर्धा परदेशात असेल, तर तिथल्या कायद्याच्या लेखी हा माणूस डॉक्टरच नसतो. नोंदणी नसताना इंजेक्शन देणं, इतकंच काय, नावाआधी 'डॉक्टर' लावणंही गुन्हा ठरू शकतं. पंधरा दिवसांच्या स्पर्धेसाठी पूर्ण नोंदणीचा खटाटोप कोण करणार? म्हणून तात्पुरती सूट देतात. सिडनी ऑलिंपिक झालं 2000 साली. सिडनी ज्या राज्यात आहे, त्या न्यू साउथ वेल्सने अशा सुटीचा कायदा 1997 मध्येच केला, शेजारच्या क्वीन्सलँड राज्याने 1998 मध्ये.

सूट डॉक्टरच्या नावाने मिळते, पण तिची हद्द पेशंटवरून ठरते. साधारणपणे आपल्या पथकातले खेळाडू, प्रशिक्षक आणि अधिकारी, एवढेच. प्रेक्षकांत कुणाला चक्कर आली, तर प्रथमोपचार करून स्थानिक पथकाला बोलवायचं. शहरातल्या हॉस्पिटलात जाऊन ऑपरेशन करायचं नाही. लिहिलेली चिठ्ठीही बहुधा क्रीडाग्रामातल्या दवाखान्यातच चालते.

कागद पथकामार्फत जातात: पासपोर्ट, चालू नोंदणीपत्र, विमा आणि मायदेशाच्या मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे डॉक्टरची नोंदणी निर्वेध असल्याचा दाखला. हे सर्टिफिकेट अनेक ठिकाणी तीनच महिने ग्राह्य धरतात, त्यामुळे सहा महिने आधी काढून ठेवणारा शहाणाच नेमका अडकतो. फिजिओचं नाव 'इतर अधिकारी' या रकान्यात गेलं, तर त्याला सूट नाही. आणि तारखा! संघ सरावासाठी आठवडाभर आधी उतरतो, सूट मात्र कधी कधी नंतर सुरू होते. मधल्या दिवसांत दुखापत झाली तर स्थानिक डॉक्टरच गाठावा लागतो.

खरी गोची औषधांची. उपचाराची सूट म्हणजे औषध आणायची परवानगी नव्हे. मॉर्फिन न्यायचं, तर अंमली पदार्थांविषयीच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार यजमान देशाचा आयात परवाना आणि मायदेशाचा निर्यात परवाना, दोन्ही हवेत. यादीत ब्रँडचं नाव पुरत नाही. 'मॉर्फिन सल्फेट, 10 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, 1 मिलिलिटरचे 5 अँप्युल', असं लिहायचं, बॅच नंबर आणि मुदतीसह. जपानसारख्या देशात तर अॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाची गोळी डॉक्टरची चिठ्ठी असली तरी एरवी नेता येत नाही.

डोपिंगचे नियम आणखी वेगळे. दमलेल्या खेळाडूला खोलीत अर्धा लिटर सलाईन लावलं, तर बारा तासांत 100 मिलिलिटरची मर्यादा ओलांडली जाते. हॉस्पिटलातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासण्या वगळता त्याला उपचारार्थ सवलत, म्हणजे बंदी असलेली गोष्ट उपचारासाठी वापरायची परवानगी लागते, आणि ती वेगळ्या अर्जाने.

परतताना कस्टमवर हिशेब द्यावा लागू शकतो. पाच अँप्युल आणले, दोन वापरले, तर तीन पेटीत दिसले पाहिजेत. वापरलेल्या दोनांपुढे वहीत हवं: कुणाला दिलं, किती वाजता, किती मिलिग्रॅम, आणि अर्धवट उरलेलं कुणाच्या समोर टाकून दिलं.