ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिकअप का रेंगाळते?

[दृश्य: कसारा घाट. नाशिकच्या दिशेनं चढणारी भरलेली पिकअप. नंतर कॅमेरा ड्रायव्हरच्या पायाशी.]

कसारा घाटाचा चढ. हौद्यात दीड टन माल, चौथा गिअर, इंजिन 1200 आरपीएमवर. वळण सुटतं आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर पार खाली दाबतो. सेकंदभर काहीच होत नाही. मग इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि गाडी ओढायला लागते.

बीएस-6, म्हणजे धुरावरच्या कडक सरकारी मर्यादेत बसणारी पिकअप चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. यातला काही उशीर कंपनीनं मुद्दाम ठेवलेला असतो, काही बिघाडाचा असतो. कोणता उशीर कशामुळे हे ओळखता आलं, तर धडधाकट पार्ट बदलण्यात पैसे जात नाहीत.

जुन्या पिकअपमध्ये पॅडलपासून डिझेल पंपापर्यंत केबल असायची. पाय दाबला की डिझेल वाढायचं, हवा पुरेशी असो वा नसो. जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडायचं. आता पॅडलच्या बुडाशी सेन्सर असतो. तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, फक्त व्होल्टेज सांगतो. डिझेल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो, आणि त्याआधी इंजिनात हवा किती आहे ते पाहतो.

हिशेब साधा आहे. 2.5 लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात टर्बोचा दाब नसेल, तर एका सिलिंडरमध्ये एका वेळी जेमतेम 0.7 ग्रॅम हवा भरते. धूर होऊ द्यायचा नसेल, तर तेवढ्या हवेत 35 ते 40 मिलिग्रॅमच डिझेल जाळता येतं. पाय कितीही दाबा, ईसीयू त्यापुढे जात नाही. टर्बोनं आणखी एक बार दाब दिला, की हवा जवळपास दुप्पट होते आणि डिझेलही तेवढंच वाढवता येतं. टर्बोला फिरवतो तो एक्झॉस्ट. 1200 आरपीएमला तोच कमी असतो, त्यामुळे मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत पोचायला टर्बोला वेळ लागतो. इंजेक्टर मात्र थांबलेले नसतात. 1000 आरपीएमलाही दर 30 मिलिसेकंदाला एक सिलिंडर पेटतोच. म्हणजे अडतं ते हवेवर.

त्यात भर ईजीआरची, म्हणजे जळका वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची. मोठ्या वजनाच्या पिकअपसाठी नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा बीएस-4 मध्ये किलोमीटरला 390 मिलिग्रॅम होती, बीएस-6 मध्ये ती 125 झाली. म्हणून हलक्या लोडवर जळका वायू पुन्हा इंजिनात फिरवला जातो. पाय दाबल्यावर ईजीआर व्हॉल्व्ह मिटायला हवा, वायू निघून ताजी हवा भरायला हवी, मग डिझेल वाढतं. शिवाय चाकांना ताकद पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलमधल्या प्लेमुळे (सैलपणामुळे) झटका बसू नये, म्हणून ईसीयू टॉर्क हळूहळू चढवतो. एवढा उशीर प्रत्येक गाडीत असणारच. चढाला गिअर उतरवून इंजिन 1800 च्या आसपास ठेवलं, की तो बराच कमी होतो.

[दृश्य: गॅरेज. पॅडलखालचं जाड मॅट हातानं मागे ओढलं जातं.]

आता बिघाडाकडे. सुरुवात फुकटच्या तपासणीनं करा. जाड रबरी मॅट पॅडलखाली सरकलं असेल, तर पाय तळाला लागल्यासारखा वाटतो, पण ईसीयूचे आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर पॅडल 80 टक्क्यांवरच अडकलेलं दिसतं. काही गाड्यांत डिझेल वाचवणारं इकोचं बटण असतं, ते चालू राहिलंय का पाहा. मग ब्रेक लाईट. पाय ब्रेकवर नसताना लाईट पेटत असेल, तर ब्रेक स्विच बिघडलाय. ईसीयूला वाटतं ब्रेक दाबलाय, आणि तो सुरक्षेसाठी ताकद कमी करतो. शंभर-दोनशे रुपयांच्या या स्विचकडे कुणी बघत नाही, याचं वाईट वाटतं.

पॅडल सेन्सरमध्ये दोन स्वतंत्र ट्रॅक असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतं: पाय वर असताना साधारण 0.7 आणि 0.35 व्होल्ट. चावी ऑन, इंजिन बंद. पॅडल अगदी सावकाश दाबत दोन्ही आकडे पाहा. मध्येच आकडा उडाला किंवा दोघांचं प्रमाण बिघडलं, तर आधी कनेक्टर उघडा. पावसाळ्यात बुटांचं पाणी तिथे झिरपतं आणि पिनांवर हिरवा थर चढतो. स्कॅनरवर दिसणारा पी 2138 हा बिघाडाचा कोड याच गडबडीचा.

[दृश्य: स्कॅनरचा पडदा, जवळून.]

खरी गोष्ट कळते ती रस्त्यावर. तिसरा गिअर, 1500 आरपीएम, मोकळा रस्ता, पाय पूर्ण दाबा. स्कॅनर शेजारी बसलेल्याच्या हातात हवा. पॅडल, ईसीयूनं मागितलेलं बूस्ट (टर्बोचा दाब), मिळालेलं बूस्ट, हवेचं मोजमाप आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), एवढंच रेकॉर्ड करा. इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सरनं बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा: मुंबईत 101 किलोपास्कल, पुण्यात 95 च्या आसपास. तिथेच फरक असेल, तर सेन्सरवर काजळी बसलीय.

मागितलेलं बूस्ट लगेच चढलं आणि मिळालेलं मागे राहिलं, तर हवा कुठेतरी गळतेय किंवा टर्बो वळत नाही. कोड बहुधा पी 0299. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे होज खालच्या बाजूनं हातानं चाचपा. चीर बऱ्याचदा दाबाखालीच उघडते, एरवी दिसत नाही. पण तिथे तेलकट काळा डाग पडलेला असतो. व्हॅक्यूमवर चालणारा व्हीजीटी (आतल्या पात्या हलवून दाब बदलणारा) टर्बो असेल, तर इंजिन सुरू होताच त्या पात्या हलवणाऱ्या ॲक्च्युएटरचा दांडा ओढला गेला पाहिजे. हातपंपानं व्हॅक्यूम देऊन मिनिटभर काटा पाहा. काटा उतरला तर डायफ्रॅम फाटलाय. व्हॅक्यूम टिकूनही दांडा अडकत चालत असेल, तर आतल्या पात्या काजळीनं जाम आहेत.

बूस्ट ठीक पण हवेचं मोजमाप कमी, तर एअर फिल्टर, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर किंवा अर्धवट मिटणारा ईजीआर. एमएएफ त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनंच धुवा. पेट्रोल नको, कापड तर नकोच. आणि रेल प्रेशर मागणीपेक्षा खाली पडत असेल, तर आधी डिझेल फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा.

बाजारात मिळणारा थ्रॉटल कंट्रोलर पॅडलचं व्होल्टेज वाढवून सांगतो. अर्धा पाय दाबला की तो ईसीयूला पाऊण कळवतो. हवा त्यानं एक ग्रॅमनंही वाढत नाही. पॅडल आधीच तळाला असेल, तर त्याचा उपयोग शून्य. होज फाटलेला असताना तो बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. ईजीआर बंद करणं किंवा धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ काढून टाकणं बेकायदा आहे, आणि त्याचा धूर गाडीमागे चालणाऱ्यांच्या छातीत जातो.

दुरुस्तीनंतर तीच तिसऱ्या गिअरची चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही रेकॉर्ड शेजारी ठेवा. ईजीआर साफ केला किंवा बदलला असेल, तर बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्हची मिटलेली जागा स्कॅनरनं ईसीयूला नव्यानं शिकवावी लागते. ते राहिलं, तर नवा व्हॉल्व्हही उघडा असल्यासारखा धरला जातो आणि डिझेल कमीच मिळतं.